अडीच मिलिमीटर लाकूड आणि सत्तर किलो ताण

अ‍ॅकूस्टिक गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या, की त्या मिळून ७० ते ७५ किलोंच्या ताणाने एका टोकाच्या खुंट्या आणि दुसऱ्या टोकाचा ब्रिज, म्हणजे पुढच्या फळीवर चिकटवलेला तारा अडकवायचा ठोकळा, यांना एकमेकांकडे ओढत राहतात. हा एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनाएवढा ताण वाजवताना तर असतोच, पण गिटार कोपऱ्यात उभी असताना, रात्री घर झोपलेले असताना आणि आपण पंधरा दिवस गावाला गेलेलो असतानाही तो तसाच असतो. ज्या फळीवर तो येतो, म्हणजे गिटारच्या पुढच्या भागावर, तिची जाडी मात्र अवघी अडीच ते तीन मिलिमीटर असते. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण तेवढी जाडी होते. नवी गिटार घेणाऱ्याला दुकानात, मित्रांकडून आणि व्हिडिओंमधून असंख्य सल्ले मिळतात. त्यांतले कोणते ऐकायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे या पातळ फळीचा आणि त्या ताणाचा संबंध समजला की बहुतांशी आपले आपल्याला ठरवता येते.

फळी इतकी पातळ ठेवण्याचे कारण असे, की ताणलेली तार एकटी जवळजवळ आवाजच करत नाही. ती इतकी बारीक असते की थरथरताना हवेला कापत जाते, ढकलू शकत नाही. तिची थरथर सॅडलमधून, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात त्या पांढऱ्या पट्टीतून, ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून फळीत उतरते, आणि ती रुंद फळी हलू लागली की खोलीतली हवा हलते. तंबोऱ्यात तबली जे काम करते तेच गिटारमध्ये ही फळी करते. ती जाड केली तर ताण आरामात पेलेल, पण हलणार नाही आणि आवाज कोंडल्यासारखा येईल. फार पातळ केली तर आवाज मोकळा होईल, पण ताणाखाली ती फुगेल आणि एक दिवस फाटेल. या पेचावरचा उपाय म्हणजे फळीला आतून लावलेल्या लाकडी पट्ट्या. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी त्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरण्याची पद्धत पक्की केली, आणि आजची क्लासिकल गिटार त्याच वळणाची असते. जर्मनीतून १८३३ साली न्यू यॉर्कला गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या बसवण्याची रचना आकाराला आली. त्या काळात गिटारवर आतड्यांच्या तारा असत. पोलादी तारा सर्रास वापरात आल्या त्या विसाव्या शतकात, आणि तेव्हा त्यांचा जास्तीचा ताण पेलायला हीच फुलीची रचना योग्य ठरली. मोबाइलचा दिवा लावून गिटारच्या गोल भोकातून आत पाहिले तर त्या पट्ट्यांचा काही भाग दिसतो. एकदा जरूर पाहावा, कारण बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या वाद्याचा सांगाडा पाहिला की आपण त्याला आपोआप जपून हाताळू लागतो.

यातूनच एक सक्त नियम निघतो: नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. नायलॉनच्या संचाचा ताण सुमारे ४० किलो असतो. त्या हिशेबाने बांधलेल्या फळीवर जवळपास दुप्पट ओझे टाकले तर ब्रिज उखडतो, किंवा नेक, म्हणजे जिच्यावर डाव्या हाताची बोटे चालतात ती लांब मान, वाकून कायमची बिघडते.

विकत घेताना पाहायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची. त्यासाठी गोल भोकाच्या कडेकडे तिरपे पाहावे. वरच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या लाकडाच्या बारीक रेघा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड आहे. कडेवर दोन-तीन आडवे थर दिसले, किंवा कड काळ्या रंगाने मुद्दाम झाकलेली असली, तर बहुधा ती प्लायवूडची आहे. अखंड फळी, विशेषतः स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, अधिक मोकळी वाजते, आणि थोडे अधिक पैसे टाकता येत असतील तर ते बाजूंच्या नक्षीत किंवा अंगच्या पिकअपमध्ये (आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्रात) न घालता या फळीत घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र प्लायवूडला कमी लेखण्याचेही कारण नाही. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते हवेच्या फरकाने फारसे हलत नाही, आणि समुद्राजवळच्या, खिडक्या सताड उघड्या असणाऱ्या घरात निगेकडे लक्ष द्यायला वेळ नसेल तर प्लायवूडची गिटार अधिक वर्षे निरोगी राहते. ठेंगण्या वादकाला किंवा लहान मुलाला मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार घेऊन देऊ नये, कारण उजवा खांदा वर उचलून बसावे लागले की पंधरा मिनिटांत पाठ भरून येते आणि मग वाद्यच नकोसे होते.

गिटारची निगा म्हणजे पुसपास आणि पॉलिश, असा समज असतो. प्रत्यक्षात निगेचा मोठा हिस्सा हवेतल्या बाष्पाचा आहे. लाकूड झाड असतानाही पाणी धरून ठेवायचे आणि फळी झाल्यावरही धरून ठेवते. हवा दमट असली की ते बाष्प घेऊन फुगते आणि कोरडी असली की सोडून आकसते. हे फुगणे-आकसणे रेघांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ होत नाही, रुंदीच्या दिशेने होते. गिटारच्या पोटाकडची फळी सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि फळी मोकळी असली, तर ती रुंदीत साधारण अडीच-तीन मिलिमीटर कमी होईल. पण ती मोकळी नसते; चारही कडांनी बाजूंना आणि आतून पट्ट्यांना चिकटवलेली असते. आकसायला जागा नाही आणि आकसल्याशिवाय राहवत नाही, अशा अवस्थेत ती आधी खोलगट होते आणि अखेर रेघेवर चिरते. उलट, आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तीच फळी पोटासारखी वर फुगते, तारा नेकपासून दूर जातात, दाबायला जड होतात आणि आवाज ओल्या कापडाआडून आल्यासारखा मंद होतो. बहुतेक कारागीर गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. ४० ते ६० च्या आत ती राहिली तरी काळजी करण्यासारखे काही नसते.

आता महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. जुलैत मुंबई, अलिबाग, रत्नागिरी इथे दिवसचे दिवस आर्द्रता ८० ते ९० टक्के असते. मे महिन्याच्या दुपारी अकोला, वर्धा, नागपूर इथे ती २० टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणजे एकाच राज्यात गिटारला दोन विरुद्ध आजार होतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर अपायच होतो. परदेशी व्हिडिओ पाहून कोकणातला मुलगा गिटारच्या पोटात ओला स्पंज ठेवतो तेव्हा नेमके हेच होते: सल्ला चुकीचा नसतो, तो थंड देशातल्या हिवाळ्यासाठी दिलेला असतो.

माझ्या पहिल्या गिटारच्या बाबतीत मी याहून साधी चूक केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दापोलीजवळच्या घरी ती कापडी पिशवीत घालून माळ्यावर ठेवली आणि गणपतीत खाली काढली. पिशवीच्या चेनवर गंज आणि आतल्या अस्तरावर पांढरी बुरशी होती, ती पुसता आली. पण ब्रिजच्या मागच्या कडेशी, जिथे तो फळीला चिकटलेला असतो तिथे, केसाएवढी काळी रेघ दिसत होती. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा तिथे टेकवला तर तो अडला नाही, तीन-चार मिलिमीटर आत सरकला. अडीच महिने फुगलेल्या फळीवर तारांनी ब्रिजला खेचून मागून उचलले होते. मिळालेल्या शहाण्या कारागिराने तो ब्रिज पूर्ण सोडवला, जुना सरस खरवडून काढला, नवा लावून शिकंज्यात दाबून ठेवला आणि गिटार वाचली. तेव्हापासून दर महिन्याला कागदाचा तुकडा त्या कडेला टेकवून पाहायची सवय मला लागली आहे, आणि ती प्रत्येकाने लावून घ्यावी. कड नुकती सुटू लागलेली असताना दुरुस्ती लहान असते, उखडलेल्या ब्रिजबरोबर फळीचे तुकडेही निघून येतात.

आर्द्रता मोजण्यासाठी छोटा अंकी आर्द्रतामापक लागतो आणि तो फार महाग नसतो. तो खरे सांगतो का, हे घरच्या मिठाने तपासता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे, त्यात चार थेंब पाणी घालून ते फक्त ओलसर करावे, झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एकत्र ठेवावेत आणि रात्रभर हात लावू नये. ओल्या मिठाच्या सान्निध्यात बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा निसर्गाचा पक्का नियम आहे. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी सांगतो एवढे लक्षात ठेवायचे आणि पुढे तेवढे मिळवून वाचायचे.

मग किनाऱ्याकडच्या वाचकाने करायचे ते असे: जून ते सप्टेंबर गिटार कडक केसमध्ये, झाकण लावून ठेवावी आणि केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-तीन मोठ्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते बाष्पाने भरले की रंगावरून कळते, आणि ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. हवा दमट असेल तेव्हा बाष्प शोषणारी आणि कोरडी असेल तेव्हा सोडणारी दुहेरी पाकिटेही मिळतात. ती महाग असली तरी मापाकडे फार पाहावे लागत नाही. ज्या खोलीत रोज एसी चालतो तिथे निम्मे काम आपोआप होते, मात्र एसीचा झोत थेट गिटारवर नको. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, कारण पावसात त्या भिंती आतून ओल धरतात.

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या वाचकाने याच्या उलट वागावे. प्लास्टिकच्या साबणदाणीला वरच्या बाजूने भोके पाडून आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा आणि ती केसमध्ये खुंट्यांच्या बाजूच्या रिकाम्या जागेत ठेवावी. थेंब पडता कामा नये, एवढे पथ्य पाळावे. कूलर चालू असलेल्या खोलीत दिवसा आर्द्रता बरी असते, पण कूलर बंद झाला की ती झपाट्याने पडते, आणि ही चढउतार लाकडाला सतत कोरडे राहण्याइतकीच वाईट. म्हणून तिथेही बंद केस हाच खरा आसरा. कोरडेपणाची पहिली खूण हाताला लागते: नेकच्या कडेवरून बोट फिरवले की फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, धातूची टोके करवतीसारखी बोचू लागतात. धातू वाढलेला नसतो, त्याखालचे लाकूड आकसलेले असते. ही खूण दिसली की दोन-तीन आठवडे आर्द्रता सुधारून पाहावे, लगेच कानस घेऊन बसू नये.

मुंबईहून टोरोंटोला किंवा न्यू जर्सीला गिटार नेणाऱ्या कुटुंबांना हाच धोका अधिक तीव्रतेने भेटतो. उणे पाच अंशांची बाहेरची हवा दमट वाटली तरी तिच्यात बाष्प अगदी थोडे असते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. दमट हवेत वाढलेली गिटार पहिल्याच जानेवारीत चिरते ती यामुळे. तिथे पोहोचल्याबरोबर केसमध्ये बाष्प सोडणारी पाकिटे असलीच पाहिजेत, आणि थंडीतून आत आणलेली केस तासभर तरी उघडू नये.

उष्णतेबद्दल एकच सांगतो: उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार कधीही सोडू नये. आतले तापमान ६० अंशांपर्यंत चढू शकते, सरस मऊ पडू लागतो आणि तारांचा ताण मात्र तेवढाच राहतो.

तारा नेकपासून किती उंच आहेत याला वादक अ‍ॅक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर मोजली तर सर्वांत जाड तारेखाली सव्वादोन ते अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली पावणेदोन ते दोन मिलिमीटर ही बहुतेकांना सोयीची उंची. नव्या गिटारी कारखान्यातून बऱ्याचदा याहून उंच येतात, आणि नवशिक्याची बोटे सोलवटतात ती गिटार अवघड असते म्हणून नाही, तर तारा उंच असतात म्हणून. खरेदीनंतर एकदा चांगल्या कारागिराकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणे, करून घेणे हा मी देईन तो सर्वांत मोलाचा सल्ला आहे. पण तो पावसाळ्यात करून घेऊ नये. जुलैत फळी फुगलेली असते म्हणून तारा उंच वाटतात. कारागीर सॅडल घासून त्या खाली आणतो, आणि डिसेंबरात फळी बसली की त्याच तारा फ्रेटवर आपटू लागतात. घासलेले सॅडल पुन्हा वाढत नाही. ज्यांच्या घरी दोन ऋतूंत मोठा फरक पडतो त्यांनी दोन उंचींची दोन सॅडल करून ठेवावीत. ती बदलायला पाच मिनिटे लागतात.

ट्रस रॉड म्हणजे नेकमध्ये लपवलेला पोलादी दांडा. तो अ‍ॅक्शन कमी-जास्त करण्यासाठी आहे हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्याचे काम तारांच्या ओढीने नेकला येणारा बाक हवा तेवढाच ठेवणे हे आहे. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली तर सातव्या फ्रेटवर तार आणि धातू यांत जाडसर कागद जाईल एवढी, साधारण ०.२ मिलिमीटर, फट दिसायला हवी. ती फार मोठी असली किंवा मुळीच नसली तर दांडा फिरवायच्या किल्लीचा पाव फेरा पुरतो; त्याहून अधिक फिरवावेसे वाटले तर किल्ली खाली ठेवून कारागिराला गाठावे.

इथे एक मौजेचा फरक नोंदवावासा वाटतो. मिरजेत तंबोरा घडवणारा कारागीर घोडी अशी घासतो की तार तिच्या रुंद पाठीवर हलकेच घासत राहते आणि तो झणकार, ती जवारी, हाच तंबोऱ्याचा प्राण असतो. गिटारमध्ये तीच घटना बिघाड मानली जाते. सॅडलची कड मुद्दाम निमुळती ठेवतात, म्हणजे तार एकाच बिंदूवर टेकते आणि सूर स्वच्छ सुटतो. म्हणून गिटारवर झणझण आली की ती कुठून येते ते शोधावे: एकाच फ्रेटवर येत असेल तर पुढचा फ्रेट उंच झालेला असतो, मोकळ्या तारेवरच येत असेल तर नटची, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच खोल गेलेली असते, आणि सगळीकडे अचानक येऊ लागली असेल तर बहुतेक वेळा हवा कोरडी झालेली असते.

तारांच्या पाकिटावर १२, ११ किंवा १० असा आकडा असतो. तो सर्वांत बारीक तारेची जाडी इंचाच्या हजारांश भागांत सांगतो; १२ म्हणजे ०.०१२ इंच, मिलिमीटरचे तीन दशांश. १२ च्या संचाचा आवाज भरदार असतो, १० चा बोटांना मऊ असतो आणि त्याचा ताण ६० किलोंच्या आसपास उतरतो. नवशिक्याने बिनदिक्कत १० किंवा ११ पासून सुरुवात करावी. जाड तारांवर पितळी-तांबूस वेटोळे दिसते ते दोन प्रकारचे असते: ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असलेले चमकदार आवाजाचे, आणि तांब्यात थोडे कथील व किंचित फॉस्फरस असलेले उबदार आवाजाचे. तारा मरतात त्या घामाने. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्याच्या चिमटीत धरून खालपासून वरपर्यंत एकदा पुसली, तर किनाऱ्यावरसुद्धा त्यांचे आयुष्य लक्षात येण्याइतके वाढते. रोज अर्धा-पाऊण तास वाजवणाऱ्याने दीड-दोन महिन्यांत संच बदलावा.

तार बसवताना चूक होते ती ब्रिजच्या खिळीपाशी. तारेच्या टोकाला असलेला धातूचा मणी खिळीच्या टोकाखाली अडकला तर तार ताणताच खिळी टपकन उडते. मणी भोकात सोडावा, खिळीची खाच तारेकडे करून ती हलकेच बसवावी, आणि खिळीवर अंगठा ठेवून तार वर ओढावी. मणी फळीच्या आतल्या बाजूला जाऊन टेकल्याचा बारीक ठोका बोटाला जाणवतो. तो जाणवेपर्यंत खुंटी फिरवू नये. वरच्या टोकाला दोन-तीन वेढे पुरेत. नवी तार दोन दिवस उतरत राहते, त्यामुळे गिटार खराब आहे असे समजू नये.

रोज रात्री तारा सैल करायची गरज नाही. नेक आणि ट्रस रॉड त्या ताणाशी जुळवून घेतलेले असतात आणि रोजची सैल-ताण त्यांना त्रासच देते. महिनाभर वाजवणार नसाल, किंवा विमानाने अथवा एसटीच्या डिकीतून गिटार जाणार असेल, तर मात्र सगळ्या तारा एक-दोन सुरांनी उतरवाव्यात.

पुसण्याबद्दल थोडक्यात: अंगाला कोरडे मऊ फडके, चिकट डाग असेल तर किंचित ओलसर फडके, एवढे पुरते. सिलिकॉन असलेले फर्निचर पॉलिश लावू नये, कारण ते लाकडात मुरले की पुढे सरस धरत नाही. सॅनिटायझर लावलेला ओला हात गिटारला लावू नये. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, गडद लाकडाचा आणि कोरडा दिसत असेल तर वर्षातून दोनदा त्यासाठीच्या खनिज तेलाचे दोन थेंब चोळून लगेच पुसून टाकावेत. खोबरेल तेल लावू नये, ते खवट होते आणि धूळ धरते.

हा गडद फ्रेटबोर्ड पुष्कळदा आपल्याच ओळखीच्या झाडाचा असतो. ब्राझीलच्या रोझवूडची आवक आटल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिनसारख्या अमेरिकी कारखान्यांनी भारतीय रोझवूड स्वीकारले. ते भारतीय रोझवूड म्हणजे सह्याद्रीत वाढणारा आपला शिसवी, ज्याची कपाटे आणि पलंग जुन्या वाड्यांत अजून उभे आहेत. जानेवारी २०१७ पासून या झाडाच्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराखाली निर्बंध आले, आणि नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना बहुतांशी त्यातून मोकळीक मिळाली. आपल्या हातातल्या काळसर पट्टीमागे एवढे मोठे झाड उभे असते.

आता वाजवण्याकडे. तारा जाडकडून बारीककडे पेटीच्या भाषेत सांगायच्या तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन अशा लागतात. लावताना सूर नेहमी खालून वर चढवावा. वर गेला तर खाली उतरवून पुन्हा चढवावा, म्हणजे खुंटीच्या दात्यांत ढिलाई राहत नाही. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झालेला आहे त्यांना एक गोष्ट सुरुवातीला खटकते: ट्यूनरने सगळ्या तारा बरोबर दाखवल्या तरी कॉर्डमधला (एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांमधला) गंधार किंचित चढलेला वाटतो. कान चुकत नसतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा अगदी समान भाग करून बसवलेले असतात, म्हणून प्रत्येक पट्टीत कॉर्ड सारखेच वाजते, पण त्याची किंमत म्हणून गंधार तंबोऱ्यातून स्वयंभू ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या भागाने वर राहतो. ती तार उतरवून त्या एका कॉर्डमध्ये गंधार गोड करता येतो, पण पुढचे कॉर्ड लगेच बेसूर होते. तेव्हा ही तडजोड मान्य करूनच वाजवावे.

पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोके दुखतात. त्या काळात दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे वाजवणे एकदम तासभर बसण्यापेक्षा बरे, आणि तार फ्रेटच्या धातूला अगदी लागून मागे दाबली तर निम्म्या जोरात सूर स्वच्छ निघतो. हवा चांगली असेल त्या महिन्यांत, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, गिटार केसमध्ये न ठेवता बैठकीच्या खोलीत स्टँडवर ठेवावी, कारण समोर दिसली की ती हातात घेतली जाते.

मराठी घरात गिटार खऱ्या अर्थाने रमते ती कोणाच्या तरी गाण्याला साथ करताना, आणि त्यासाठी कॅपोसारखे उपयोगी साधन नाही. कॅपो हा नेकवर लावायचा चिमटा. तो जितक्या फ्रेटवर लावावा तितक्या अर्ध्या सुरांनी सगळी गिटार चढते आणि बोटांना मात्र ओळखीचेच आकार वापरता येतात. बाबा काळी एकमध्ये गात असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी चे आकार धरावेत, काळी दोन असेल तर पहिल्याच फ्रेटवर डी चे. आई किंवा मावशी काळी चारमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी चे आकार. काळी पाच असेल तर तेच आकार ठेवून कॅपो तिसऱ्यावर सरकवायचा. कॅपो फ्रेटच्या धातूला लागून, सरळ आणि तार झणझणणार नाही एवढ्याच दाबाने लावावा, आणि लावल्यावर तारा एकदा पुन्हा तपासाव्यात, कारण तो प्रत्येक तारेला थोडीशी ओढतो. पेटी शेजारी असेल तर तिचा षड्ज धरून तो सूर आणि जाड तारेवर धरलेला तोच सूर एक झाला का हे ऐकावे. दोन सुरांच्या मध्ये उठणारी लाट हळूहळू संथ होत थांबते तो क्षण कानाला अगदी स्पष्ट कळतो, आणि मग गाणे सुरू करावे.